संपूर्ण जबड्याचे दात इम्प्लांटवर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका किंवा दोन्ही जबड्यांतील सगळे दात गेलेल्या रुग्णांकडून, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या मुला-सुनांकडून, आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. आपल्या जबड्याबाबतचा निर्णय आपला स्कॅन आणि आपली प्रकृती पाहूनच होईल.

१. इम्प्लांट म्हणजे नेमके काय? सगळे दात बसवायचे तर अठ्ठावीस स्क्रू ठोकावे लागतात का?

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, तर दाताचे कृत्रिम मूळ. टायटॅनियमचा, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा आणि आठ ते चौदा मिलिमीटर लांबीचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवला जातो. त्यावर हिरडीच्या पातळीला एक जोडतुकडा येतो आणि त्या तुकड्यावर दात बसतात. स्क्रू ठोकला जात नाही. बारीक ड्रिलने सुरुवात करून भोक टप्प्याटप्प्याने रुंद केले जाते आणि त्या वेळी ड्रिलवर सलाइनची धार सतत चालू असते, कारण हाड मिनिटभर जरी ४७ अंश सेल्सिअसपर्यंत तापले तरी तेथील पेशी मरू लागतात आणि तापलेल्या हाडात बसवलेला स्क्रू पुढे धरत नाही.

अठ्ठावीस स्क्रूंची गरज नसते. खालची कवळी जागेवर धरून ठेवायला दोन स्क्रू पुरतात. न काढता येणारे दात बसवायचे तर एका जबड्याला साधारणपणे चार ते सहा लागतात. एका जबड्याचे सगळे दात एकसंध पुलासारखे या मोजक्या खांबांवर उभे राहतात.

२. धातू आणि हाड एकमेकांना धरतात तरी कसे? शरीर बाहेरची वस्तू फेकून देत नाही का?

स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडातील रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड धातूला घट्ट चिकटून वाढले होते. टायटॅनियमवर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि हाडाच्या पेशी त्या थराला परके मानत नाहीत. १९६५ मध्ये गोटेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्या गृहस्थांचे २००६ मध्ये निधन झाले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते स्क्रू कामात होते.

हाडाने स्क्रू असा धरायला वेळ लागतो. खालच्या जबड्यात साधारण दोन ते तीन महिने, तर वरच्या जबड्यात हाड मऊ आणि जाळीदार असल्याने चार ते सहा महिने. उपचारातले बहुतेक वेळापत्रक या एका गोष्टीभोवती फिरते.

३. माझी कवळी बरी बसते. तरीही इम्प्लांट करून घ्यावेत का?

वरची कवळी बरी बसत असेल तर घाई करण्याचे कारण नाही. वरची कवळी संपूर्ण टाळूवर टेकते आणि लाळेच्या पातळ थरामुळे तिथे चिकटून राहते. खालच्या कवळीला टेकायला त्याच्या जवळपास निम्मीच जागा मिळते, शिवाय मधोमध जीभ असते आणि ती प्रत्येक शब्दाला, प्रत्येक घासाला कवळी उचलते. म्हणूनच "वरची ठीक आहे हो, खालची मात्र डब्यातच असते" हे वाक्य आम्ही आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो.

इम्प्लांटच्या बाजूचे आणखी एक कारण हाडाचे आहे. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते. पहिल्या वर्षात सर्वाधिक आणि नंतर हळूहळू, पण आयुष्यभर. नुसती कवळी घालणाऱ्यांत खालच्या जबड्याची उंची वरच्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने कमी होते. स्क्रूभोवतीचे हाड मात्र चावण्याचा भार मिळत राहिल्याने बऱ्याच अंशी टिकते. पंचावन्नाव्या वर्षी कवळी उत्तम बसत असली तरी सत्तराव्या वर्षी तिला धरायला हाड उरेलच असे नाही, हे निर्णय पुढे ढकलताना लक्षात असावे.

४. काढता-घालता येणारी कवळी स्क्रूवर बसवावी की दात कायमचेच बसवावेत?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. "काढायचे-घालायचे असेल तर इम्प्लांटला पैसे कशाला घालायचे?" असे चिरंजीव विचारतात. ही शंका समजण्यासारखी असली तरी आमचे मत वेगळे आहे.

खालच्या जबड्यात पुढच्या भागात, सुळ्यांच्या जागी दोन स्क्रू बसवायचे, त्यांवर टिचबटणासारखी जोडणी करायची आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्याचा दुसरा भाग बसवायचा, ही पद्धत दिसायला साधी असली तरी फार गुणकारी आहे. कवळी बोटांनी दाबल्यावर 'टक' असा आवाज करून बसते आणि बोलताना-जेवताना उचलली जात नाही. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी नुसती कवळी नव्हे, तर दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा, असे मत मांडले होते. आपल्याकडे मात्र या पर्यायाचा उल्लेख शेवटी आणि घाईघाईने होतो, कारण रुग्णाला 'कायमचे' हा शब्द हवा असतो आणि दवाखान्यालाही तो सांगायला आवडतो.

कायमच्या दातांचे फायदे खरे आहेत. ते तोंडात आपलेच वाटतात, वरच्या जबड्यात टाळू मोकळी राहते आणि रात्री काढून डब्यात ठेवावे लागत नाहीत. परंतु काही तोंडांत कायमचे दात हा चुकीचा पर्याय ठरतो. वरचे हाड खूप झिजले असेल तर ओठ आत जातो. कवळीची गुलाबी किनार त्या ओठाला आतून आधार देते. कायमच्या दातांना अशी किनार देता येत नाही, कारण तिच्याखाली ब्रश पोहोचत नाही. उलट, हाड भरपूर असेल तरीही अडचण येऊ शकते: धातूची चौकट आणि दात यांसाठी हिरडीपासून समोरच्या दातांपर्यंत साधारण पंधरा मिलिमीटर उंचीची जागा लागते आणि ती नसेल तर दात एकतर पातळ होऊन तुटतात किंवा हाड छाटावे लागते. तिसरी बाब हातांची आहे. ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा दृष्टी अधू आहे, त्यांना कवळी हातात घेऊन नळाखाली घासणे जमते; कायमच्या दातांखालून दोरा ओवणे जमत नाही (प्रश्न १५ व २१ पाहा).

वरच्या जबड्यात काढता-घालता येणारी कवळी स्क्रूंवर बसवायची असेल तर दोन स्क्रू पुरत नाहीत. किमान चार असावेत.

५. एक डॉक्टर चार इम्प्लांट म्हणतात, दुसरे सहा. खरे कोणाचे?

दोघांचेही बरोबर असू शकते. चार स्क्रूंवर संपूर्ण जबड्याचे दात बसवण्याची पद्धत 'ऑल-ऑन-फोर' या नावाने ओळखली जाते आणि ती पोर्तुगालचे दंतवैद्य पाउलो मालो यांनी लिस्बनमध्ये १९९० च्या दशकात विकसित केली. पुढचे दोन स्क्रू सरळ आणि मागचे दोन तिरपे, साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात बसवतात. तिरपेपणामुळे वरच्या जबड्यातील सायनसची पोकळी आणि खालच्या जबड्यातील नस टाळता येते, आणि तरीही दाताची ओळ मागे दाढेपर्यंत नेता येते.

हाड चांगले असेल तर चार स्क्रू पुरेसे ठरतात. सहाची बाजू अशी की एखादा स्क्रू पुढे निकामी झाला तर उरलेल्या पाचांवर दात बहुधा तसेच ठेवता येतात. चारपैकी एक गेला तर बहुतेक वेळा सगळा डोलारा पुन्हा उभारावा लागतो. वरच्या मऊ हाडात आणि झोपेत दात करकर खाणाऱ्या रुग्णांत आम्ही सहाकडे झुकतो. स्क्रूच्या संख्येवरून डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाचा अंदाज बांधू नये. चारच का किंवा सहाच का, हे ते आपल्या स्कॅनवर बोट ठेवून दाखवू शकतात का, एवढे पाहावे.

६. "हाडच शिल्लक नाही" असे सांगून परत पाठवले. आता काहीच होणार नाही का?

प्रथम विचारावे की हे कोणत्या तपासणीवरून सांगितले. संपूर्ण जबड्याच्या साध्या एक्स-रेमध्ये हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो आणि तो न काढता संपूर्ण जबड्याचे इम्प्लांट करू नयेत, हे आमचे ठाम मत आहे. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेपासून स्क्रू साधारण दोन मिलिमीटर तरी दूर राहिला पाहिजे. नसेला इजा झाली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते आणि तो बधिरपणा कधीकधी जात नाही.

हाड खरोखरच कमी असेल तर मार्ग अनेक आहेत: तिरपे स्क्रू (प्रश्न ५), हाडाची पूड भरून जागा वाढवणे (प्रश्न ७), वरच्या मागच्या भागात सायनसचा पडदा उचलून त्याखाली हाड तयार करणे, आणि अगदीच टोकाच्या परिस्थितीत गालाच्या हाडात जाणारे तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे झायगोमॅटिक इम्प्लांट. हे शेवटचे काम डोळ्याच्या खोबणीजवळून जाते. ते नेहमी करणाऱ्या मुखशल्यचिकित्सकाकडेच जावे. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात मात्र बहुतेकांना दोन स्क्रूंपुरते हाड असतेच. 'काहीच होणार नाही' असे सांगण्याची वेळ तिथे क्वचित येते.

७. हाडाची पूड कशापासून बनवतात? आमच्या घरी हे चालणार नाही.

हा प्रश्न संकोचाने, बहुधा दारात उभे राहून, निघता निघता विचारला जातो. तो पहिल्याच भेटीत विचारावा. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पूड गायी-बैलांच्या हाडांवर प्रक्रिया करून बनते. त्यातील सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो आणि खनिज सांगाडा तेवढा उरतो. तिच्यावर घालण्याचा कोलॅजेनचा पडदा अनेकदा डुकरापासून मिळवलेला असतो. हे ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी प्रयोगशाळेत बनवलेली कॅल्शियम फॉस्फेटची पूड मिळते. रुग्णाच्याच हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून हाड घेता येते. मानवी दात्यांकडून मिळालेले, प्रक्रिया केलेले हाडही उपलब्ध असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक असे हाड तयार करते. कोणती सामग्री वापरणार हे संमतिपत्रावर नावानिशी लिहून घ्यावे, कारण भूल दिल्यावर हा विषय काढता येत नाही.

८. "तीन दिवसांत कायमचे दात" अशी जाहिरात पाहिली. तुम्ही सहा महिने का सांगता?

दोन्ही विधानांत 'दात' हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने येतो. स्क्रू बसवताना ते पुरेसे घट्ट बसले, म्हणजे मोजणीच्या पान्यावर साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटरचा आकडा आला, तर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत त्यांवर दातांची ओळ बसवता येते. मात्र ती ओळ तात्पुरती, ॲक्रिलिकची असते. सगळे स्क्रू एकमेकांशी बांधले गेल्याने ते हलत नाहीत आणि हाडाला धरायला अवसर मिळतो. चार ते सहा महिन्यांनी हिरडी स्थिरावली की पुन्हा माप घेऊन पक्के दात बनवतात. या काळात स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त जरी हलत राहिला तरी हाडाऐवजी त्याच्याभोवती मऊ तंतू तयार होतात आणि स्क्रू सैल पडतो. म्हणूनच तात्पुरत्या दातांवर मऊ आहाराची सक्ती असते, आणि दुखत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात चकली खाणारे रुग्ण आमच्याकडे परत येतात.

आपल्याकडे 'बेसल' नावाने प्रचलित असलेल्या एकसंध स्क्रूंवर काही दिवसांतच पक्के दात बसवतात. हे स्क्रू हाडाच्या बाहेरील कठीण थरात रोवलेले असल्याने लगेच भार घेतात. काही रुग्णांना ते उपयोगी पडतात. परंतु त्यांमागचा दीर्घकालीन अभ्यास नेहमीच्या पद्धतीइतका मोठा नाही आणि त्यांची पुढची देखभाल ती पद्धत जाणणाऱ्या दंतवैद्याकडेच करावी लागते. निर्णयापूर्वी दोन्ही बाजू ऐकाव्यात.

९. शस्त्रक्रियेला पूर्ण भूल देतात का? खूप दुखते का?

बहुतेकांचे काम दात काढताना देतात त्याच स्थानिक भुलीवर होते. हवी असल्यास भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली गुंगी दिली जाते. झायगोमॅटिक इम्प्लांटसाठी मात्र सहसा पूर्ण भूल लागते. हाडाला स्वतःला फारशी संवेदना नसते, त्यामुळे ड्रिलचे कंपन आणि दाब जाणवतो, कळ नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वात जास्त असते. गालावर निळसर डाग पडू शकतो. घरी लग्न-मुंज असेल तर तारीख किमान दोन आठवडे आधीची घ्यावी.

१०. मधुमेह आहे. चालेल का?

आटोक्यात असेल तर चालेल. त्या दिवशीच्या उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी महत्त्वाची असते. ती सातच्या आसपास असेल तर धोका फारसा वाढत नाही. आठच्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी आणि मग स्क्रू बसवावेत, असे आम्ही सांगतो. ज्यांना एकादशी, श्रावण किंवा रमजानचे उपवास करायचे असतात त्यांनी ते शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत येणार नाहीत असे पाहावे, कारण प्रतिजैविके आणि साखरेची औषधे वेळच्या वेळी आणि अन्नाबरोबर घ्यावी लागतात.

११. मी सिगारेट ओढत नाही, फक्त मिश्री लावते. त्याने काय होते?

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे ऐकून अजूनही अनेक आजींना आश्चर्य वाटते. धुराच्या असो वा बिनधुराच्या, तंबाखूतील निकोटिनने हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला उशीर लागतो. शस्त्रक्रियेआधी काही आठवडे आणि नंतर हाड धरेपर्यंत तंबाखू पूर्ण बंद हवा. कायमचा सुटला तर उत्तमच.

गुटखा आणि सुपारी खाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. त्यांच्या गालाच्या आतले आवरण ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. मागच्या भागात स्क्रू बसवायला ड्रिल आणि त्याची मूठ मिळून तोंडात उभी मावावी लागते; स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांच्या जागेत जात नसतील, तर आधी त्या विकाराची तपासणी करावी. तो विकार कर्करोगपूर्व मानला जातो, त्यामुळे इम्प्लांट हा तेव्हा दुय्यम प्रश्न असतो.

१२. हाडे ठिसूळ झाल्याची, रक्त पातळ करण्याची औषधे चालू आहेत. ती बंद करावीत का?

स्वतःच्या मनाने एकही बंद करू नये. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल हृदयातील स्टेंटसाठी चालू असेल तर ते थांबवण्याचा धोका हिरडीतून चार तास जास्त रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. बहुतेक वेळा औषध चालू ठेवूनच काम करता येते. वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी चाचणी, पाहून ठरवावे लागते.

हाडांच्या औषधांबाबत सर्वाधिक गफलत होते, कारण आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, सहा महिन्यांतून एकदा किंवा वर्षातून एकदा घ्यायचे इंजेक्शन रुग्णाला 'औषध' म्हणून आठवतच नाही. अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही नावे फाइलमध्ये शोधावीत. या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड उघडे पडून मरते. ठिसूळपणासाठीच्या नेहमीच्या मात्रेत हा धोका कमी असतो आणि विचारपूर्वक इम्प्लांट करता येतात. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत शिरेतून दिली जात असतील तर इम्प्लांट सहसा टाळतात. डेनोसुमॅब मधेच थांबवल्यास मणके मोडण्याचा धोका वाढतो, तेव्हा दंतवैद्य आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलूनच ठरवावे. जबड्यावर रेडिएशन झाले असेल तर कर्करोगतज्ज्ञांच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नये.

१३. वडील ८२ वर्षांचे आहेत. या वयात हे करावे का?

वयाची वरची मर्यादा नाही. ब्याऐंशी वर्षांचे, रोज फिरायला जाणारे गृहस्थ पंचावन्न वर्षांच्या, साखर मोकाट सोडलेल्या व्यक्तीपेक्षा चांगले उमेदवार असतात. मात्र या वयात शक्य तितके छोटे काम निवडावे, आणि तसे काम म्हणजे प्रश्न ४ मधील दोन स्क्रूंवरची खालची कवळी. खालची मर्यादा मात्र आहे: जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण अठरा-वीस वर्षांपर्यंत, अपवादात्मक जन्मजात विकार वगळता थांबतात.

१४. भाकरी खाता येईल का? बोलणे बदलेल का?

नुसत्या कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते, म्हणूनच भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करण्याची सवय लागते. इम्प्लांटवरच्या दातांनी ज्वारीची भाकरी, काकडी, मटण चावता येते. टाळू मोकळी झाली तर आमटी किती गरम आहे हेही पुन्हा नीट कळते. अडकित्त्याविना सुपारी फोडणे, ऊस सोलणे, चिक्की कडाकडा चावणे टाळावे. नैसर्गिक दाताभोवती दाब ओळखणारे तंतू असतात आणि खडा लागताच जबडा आपोआप थांबतो. स्क्रूभोवती ते तंतू नसल्याने खडा पुरता चावला गेल्यावरच कळतो.

बोलण्याचे म्हणाल तर वरच्या जबड्याचे दात बसवल्यावर काही आठवडे 'स' ला शीळ येते. मराठीत आणखी एक पेच आहे: 'चाक', 'जाग', 'झाड' यांमधले च-ज-झ जिभेचे टोक दातांच्या मागे टेकवून उच्चारले जातात, त्यामुळे दात थोडे जरी पुढे-मागे बसले तरी ते लगेच उघडे पडतात. आम्ही तात्पुरते दात बसवल्यावर रुग्णाला साठ ते सत्तर अंक मोठ्याने म्हणायला सांगतो. 'सहासष्ट, सदुसष्ट' नीट आले की पुष्कळ काम झाले. शिक्षक, कीर्तनकार, वकील यांनी तात्पुरत्या दातांच्या काळातच उच्चारांच्या तक्रारी सांगाव्यात. पक्के दात झाल्यावर बदल करणे महाग पडते.

१५. आता दात खोटेच आहेत, मग घासायचे कशाला?

दाताला कीड लागणार नाही, पण हिरडीला आणि हाडाला रोग होऊ शकतो. स्क्रूभोवती जिवाणूंचा थर साचला की हिरडी सुजते आणि पुढे हाड झिजते; बराच काळ यात दुखत नाही, फक्त घासताना रक्त येते.

कायमचे दात असतील तर त्यांच्या आणि हिरडीच्या मधली फट रोज रात्री साफ करावी लागते. त्यासाठी एका टोकाला ताठ आणि मधे फुलवलेला असा दोरा मिळतो. तो ओठाच्या बाजूने फटीत घालायचा, जिभेच्या बाजूने ओढायचा आणि बूट पॉलिश करताना कापड फिरवतात तसा स्क्रूच्या मानेभोवती मागे-पुढे फिरवायचा. पहिल्यांदा पंधरा मिनिटे लागतात, महिन्याभरात पाच. पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र मदतीला चांगले, पण ते दोऱ्याला पर्याय नाही. काढता येणारी कवळी रात्री काढून, मऊ ब्रशने व साबणाने धुऊन पाण्यात ठेवावी आणि तोंडातील बटणे वेगळ्या ब्रशने घासावीत. दर सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा एक्स-रे ठेवावा.

१६. हे दात किती वर्षे टिकतात?

स्क्रूचे आयुष्य आणि दातांचे आयुष्य वेगळे मोजावे. नीट निवडलेल्या आणि निगा राखणाऱ्या रुग्णांत दहा वर्षांनंतर शंभरातील नव्वदहून अधिक स्क्रू जागेवर असतात. स्क्रूंवर बसवलेले दात मात्र वापराची वस्तू आहे. ॲक्रिलिकचे दात झिजतात, कधी एखादा निखळतो. झिर्कोनियाचे, म्हणजे एका कठीण सिरॅमिकचे, झिजत नाहीत, पण तडा गेला तर दुरुस्त होत नाहीत, नव्याने करावे लागतात. बटणाच्या जोडणीतील नायलॉनची चकती साधारण वर्षाला बदलावी लागते. जोडणीचा छोटा स्क्रू सैल होऊ शकतो. दात किंचित हलल्यासारखा वाटला किंवा चावताना बारीक 'टिक' ऐकू आली तर त्याच आठवड्यात जावे, कारण सैल स्क्रूवर महिनाभर चावले तर तो मोडतो.

१७. खर्च किती? विम्यात मिळतो का?

खासगी दवाखान्यांत एका जबड्याचे कायमचे दात काही लाखांत जातात आणि दोन स्क्रूंवरची कवळी त्याच्या काही अंशात होते. शहर, स्क्रूची कंपनी आणि दातांचे साहित्य यांनुसार आकडा इतका बदलतो की येथे एक रक्कम छापणे दिशाभूल करणारे ठरेल. अंदाजपत्रकात पाच गोष्टी आहेत का ते पाहावे: स्कॅन, तात्पुरते दात, पक्के दात, हाडाची पूड, आणि पहिल्या वर्षातील दुरुस्त्या. जाहिरातीतील स्वस्त आकड्यात यांतले तात्पुरते दात धरलेले असतात आणि पक्के दात नसतात, हे अनेकांना सहाव्या महिन्यात कळते.

बहुतेक आरोग्य विमा योजना अपघाताखेरीज इतर कारणांसाठीचे दंतोपचार वगळतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालयात पदव्युत्तर विभागांकडे चौकशी करता येते. तिथे फेऱ्या जास्त होतात, पण काम अध्यापकांच्या देखरेखीखाली चालते.

१८. चार-पाच दात अजून शिल्लक आहेत. सगळे काढून एकदाच इम्प्लांट करा म्हणतात. काढावेत का?

शिल्लक दात घट्ट असतील तर काढण्याआधी दुसरे मत जरूर घ्यावे. कित्येकदा दोन मजबूत सुळ्यांची मुळे ठेवून त्यांवर कवळी बसवता येते आणि सुळ्याभोवतीचे हाड फुकटात टिकते. निम्म्याहून अधिक हाड गेलेले, पू येणारे, हलणारे दात मात्र ठेवण्यात अर्थ नाही. ते आजूबाजूचे हाड आणखी खातात आणि त्यांतील जिवाणू नव्या स्क्रूभोवती पोहोचतात. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे" हे वैद्यकीय कारण नव्हे.

१९. एमआरआय करता येतो का? विमानतळावर यंत्र वाजते का?

टायटॅनियम चुंबकाला ओढले जात नाही, त्यामुळे एमआरआय करता येतो. तोंडाजवळच्या भागाची प्रतिमा थोडी पुसट येऊ शकते. कवळी काढून ठेवावी आणि जोडणी चुंबकाची असेल तर तंत्रज्ञांना आधी सांगावे. विमानतळावर सहसा काही वाजत नाही.

आणखी एक प्रश्न घरचे दबक्या आवाजात विचारतात: अंत्यसंस्कारानंतर काय होते? टायटॅनियम १,६६८ अंश सेल्सिअसला वितळते आणि चितेची उष्णता तिथवर जात नाही. अस्थी वेचताना बोटाच्या पेराएवढे राखाडी स्क्रू सापडू शकतात. ते बाजूला काढावेत.

२०. आम्ही अमेरिकेत असतो. तीन आठवड्यांच्या सुट्टीत पुण्यात येऊन करून घेता येईल का?

एका फेरीत नाही. पहिल्या फेरीत स्क्रू आणि तात्पुरते दात होतील आणि चार ते सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या, साधारण दोन-तीन आठवड्यांच्या फेरीत पक्के दात (कारण प्रश्न ८ मध्ये आहे). परत जाताना स्क्रूची कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक लिहिलेले कार्ड घेतल्याशिवाय निघू नये. प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा असतो. न्यू जर्सीतल्या दंतवैद्याला तो ओळखता आला नाही तर साधा सैल स्क्रू आवळणेही अवघड होते. हे कार्ड पुण्यातच राहणाऱ्यांनीही घ्यावे, कारण दवाखाने बंद होतात आणि डॉक्टर निवृत्त होतात.

२१. पुढे आई अंथरुणाला खिळली तर या दातांचे काय करायचे?

हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारणारे फार थोडे असतात, आणि पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंश वाढल्यावर विचारणारे पुष्कळ. काढता येणारी कवळी असेल तर सेवा करणाऱ्याने ती दिवसातून एकदा काढून धुवावी आणि तोंडातील बटणे ओल्या गॉझने पुसावीत. कवळी कशी काढायची हे, म्हणजे दोन्ही अंगठे दोन्ही बाजूंच्या किनारीखाली घालून एकाच वेळी वर उचलायचे, हे घरातल्या एकाने तरी आधीच शिकून ठेवावे. एका बाजूने ओढली तर चकती फाटते.

कायमचे दात असतील आणि आईला तोंड उघडून धरणे जमत नसेल, तर दंतवैद्य जोडणीचे छोटे स्क्रू सोडवून ते दात काढू शकतो आणि त्याच इम्प्लांटवर काढता येणारी कवळी बसवू शकतो. बरेच स्क्रू यासाठी जसेच्या तसे उपयोगी पडतात; फक्त वरची जोडणी बदलते. तेही झेपणारे नसेल तर स्क्रूंवर छोटी झाकणे लावून ते हिरडीच्या पातळीला तसेच ठेवतात आणि मऊ आहार चालू ठेवतात. दात सिमेंटने चिकटवलेले असतील तर ते न फोडता काढणे कठीण जाते, म्हणून संपूर्ण जबड्याचे काम शक्यतो स्क्रूने आवळलेलेच करून घ्यावे आणि तसे अंदाजपत्रकातच लिहून घ्यावे.